आऱ्याचं दुसरं टोक

चंद्रभाननं मशीन आणली ते पोत्यात गुंडाळून. कुहीच्या मोटर स्टँडावरून गावापर्यंत खांद्यावर वाहून आणली. वाटेत ज्यानं त्यानं हटकलं, "काय आणलं गा चंद्रभान, डुकराचं पिल्लू काय?" अन् तो सगळ्यायले एकच सांगे, "उद्या मार्तंडरावच्या आमराईत येजा. कानात बोटं घालून येजा."

भीमाबाईनं अंगणात पोतं सोडलं. आत लाल रंगाची, टवके उडालेली, पेट्रोलच्या वासाची एक चीज निघाली. मागं पाठीले मूठ, पुढं लांब लोखंडी पट्टी, अन् पट्टीच्या कडेकडेनं दातांची साखळी.

"हे झाड कापते?"

"काकडीवानी कापते."

"कोणाची हाये?"

"आपली."

"आपली कशी?" असं म्हणता म्हणता तिनं मागच्या भितीकडं पाह्यलं. भीत रिकामी होती. तिथं सागाच्या फळ्या उभ्या असत. सुताराकडं नेतो म्हणून चंद्रभाननं त्या बंडीत घालून नेल्या होत्या. आयुष्यभर त्यानं दुनियेच्या दारांसाठी लाकडं कापली, पण त्याच्या घराले दार नव्हतं, बांबूचा तट्टा होता. कुत्रं यायचं ते तट्टा सारून आत यायचं, अन् चुलीपाशी निजून राहायचं. त्या फळ्या दारासाठी होत्या.

"दार खाल्लं तुमी माहं," भीमाबाई म्हणाली.

चंद्रभान मशीन उलटी सुलटी करून पाह्यत राह्यला. सडकेच्या कंत्राटदाराच्या भंगारातली मशीन होती ते. भंगारवाल्यानं फळ्या ठेवून घेतल्या अन् मशीन दिली.

भीमाबाईनं पट्टीच्या टोकाले बोट लावून पाह्यलं. "अन् हे टोक कोण धरते?"

"कोणीच नाही. हे एकट्याची हाये वं. इले दुसरं टोकच नाही."

भीमाबाई मटकन खाली बसली. दाराचं नाव तिनं त्या दिवसापासून पुन्हा काढलं नाही.

आता आऱ्याचं असं असते, आरा दोघांचा असते. मोठा आरा, पुरुषभर लांब, दोन्ही टोकाले लाकडी मुठी. खोडाच्या एका बाजूले एक, दुसऱ्या बाजूले एक. आपण आपल्याकडं ओढावं, अन् दुसरा ओढते तवा हात सैल सोडावा. ढकलायचं नाही. ढकललं का पातं वाकते, फटीत अडकून बसते, अन् दोघायचे खांदे जाते. चंद्रभानले हे त्याच्या मोठ्या भावानं, देवरावनं, कानफटात मारून शिकवलं होतं. दोघं भाऊ ओढत तवा आरा असा चाले का ऐकणाऱ्याले झोप यावं. मंग देवराव उमरेडच्या कोळशाच्या खाणीत लागला, अन् गावातले ज्यायच्या दंडात दम होता ते बी त्याच्या मागं गेले. आऱ्याचं दुसरं टोक पडून राह्यलं. ते भीमाबाईनं उचललं.

तिच्याच्यानं होत नव्हतं असं नाही. बाई काटक. पण तिचं अंग खाली येत होतं. बाळंतपणं झाली, लेकरू एकबी राह्यलं नाही, हे दुखणं मात्र राह्यलं. आरा ओढताना पोटावर जोर आला का अंग बाहेर उतरे. मंग ते "थांबा जरासक" म्हणून झुडपाच्या मागं जाय, आपल्या हातानं आत लोटे, लुगड्याचा काच घट्ट आवळे अन् परत येऊन मूठ धरे. तोंडावर घाम राहे, थंडीतबी. चंद्रभान तेवढा वेळ आऱ्याचे दात पाहे. पाहण्यासारखं दातात काही नसे.

नागपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईनं तिले तपासलं, अन् चंद्रभानले आत बोलावलं. "इनं ओझं उचलायचं नाही, ओढायचं नाही. काय काम करते ही?"

"आरा ओढते जी."

बाई त्याच्याकडं पाह्यत राह्यली. "तुमच्या गावात माणसं नाहीत?"

चंद्रभाननं टोपी काढली अन् पुन्हा घातली. ते बाईचं पाहणं त्याच्या डोक्यातून गेलं नाही. मशीन त्यातून आली.

पावसाळ्यात मोठं वावधन झालं होतं. मार्तंडरावच्या आमराईतले जुने गावरानी आंबे मुळासकट आडवे पडले. एकेक खोड असं का दोघायनं कवेत घेतलं तरी हात भिडत नाही. संत्र्याच्या पेट्या आंब्याच्या लाकडाच्या बनते, म्हणून नागपूरच्या एका आरामिलवाल्यानं सगळी आमराई घेतली होती. खोडाचे ओंडके पाडून ठेवायचं काम चंद्रभानचं. सारा हिवाळा चालंल इतकं काम. मार्तंडराव नागपुरातल्या कचेरीत साहेब होता, सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर येऊन पाहून जाय.

पहिल्या दिवशी अर्धा गाव आमराईत आला. चंद्रभाननं मशीन जमिनीवर ठेवली, पायानं दाबली, दोरी ओढली. एकदा, दोनदा, दहादा. मशीन खोकली बी नाही.

"भूक लागली असंल तिले," कोणीतरी बोललं.

"भाकर खाऊ घाल ना गा!"

चंद्रभानच्या कानशिलावर घाम आला. मंग त्याले भैय्याजीनं सांगितलेलं आठवलं. भैय्याजी म्हणजे नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापाशी फटफट्या सुधारणारा मिस्त्री. मशीन त्याच्याचकडून चालू करून आणली होती. चंद्रभाननं पान्यानं प्लग काढला. ओला कच्च होता. भीमाबाईनं त्याच्या हातातून घेतला, पदरानं पुसला, बिडी पेटवायच्या आगीवर धरून कोरडा केला. प्लग परत लावला, दोरी ओढली, अन् मशीन अशी बोंबलली का पोट्टे-पाट्टे पळाले अन् आंब्यावरचे माकडं बांधापार गेले. पट्टी खोडात उतरली. पांढरा भुसा चंद्रभानच्या पायावर सांडू लागला. देवरावसंग अख्खी सकाळ लागली असती तेवढा काप एक बिडी व्हायच्या आत पडला.

भीमाबाई बाजूले उभी होती. तिचे हात दोन्हीकडं लोंबत होते. हातायचं काय करावं ते तिले समजत नव्हतं. मंग तिनं ते कमरेवर ठेवले अन् हसली. किती वर्षानं हसली असंल.

मशीनचे नखरे मात्र नव्या नवरीचे होते. भैय्याजीनं बजावून सांगितलं होतं, इले दोन तेलं लागते. एक पेट्रोलमंधी मिसळून, नाही मिसळलं तं आतून जळून मरंल. दुसरं या बाजूच्या टाकीत, साखळीसाठी. साखळी कोरडी पळाली तं पट्टी जाईन, अन् पट्टी गेली तं भेटत नाही बापा, हे परदेशी माल हाये. साखळीसाठी त्यानं फटफट्यायचं जळकं काळं ऑईल डबकीभर दिलं होतं.

रोज संध्याकाळी अंगणात पोतं अंथरायचं अन् मशीनची सेवा करायची. चंद्रभान गोल कानशीनं साखळीचे दात घासे, एकेक दात, दोन दोन हात देऊन. दात घासायचं त्याले शिकवावं लागलं नाही, तेवढं आऱ्यानं शिकवलं होतं. भीमाबाई जुन्या दातवणाच्या काडीनं पट्टीच्या खाचेतला भुसा उकरे, हवेची जाळी फुंकून साफ करे. साखळी ढिली झाली का चंद्रभान पेच फिरवी अन् भीमाबाई बोटानं उचलून पाहे. "आता बरी हाये," म्हणे. पोरीची वेणी घालावी तशी ते दोघं त्या मशीनपाशी बसत.

फक्त काळं ऑईल तिले आवडत नव्हतं. साखळी पळताना ते उडे. चंद्रभानच्या धोतरावर, तिच्या लुगड्यावर काळे शिंतोडे पडत, ते रिठ्यानं बी निघत नव्हते. "मढ्याच्या वासाचं तेल पाजता तुमी तिले," ते म्हणे. "आपल्या आऱ्याले कधी असं घाण लावलं नाही."

आऱ्याले जवसाचं तेल लागे. काम झालं का चिंधीवर घरातलं जवसाचं तेल घ्यायचं, पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचं. इतक्या वर्षांत त्याले गंज शिवला नव्हता.

एक दिवस काळ्या ऑईलचा डबा संपला. चंद्रभान म्हणाला, "उद्या सक्करदऱ्याले जाऊन आणतो." पण त्याच सांजेले मार्तंडराव आला. स्कूटरवरून उतरला नाही, एक पाय टेकवून बोलला, "चंद्रभान, मिलवाले घाई करून राहिले. संत्रा सुरू झाला. तू मशीन आणली म्हणतोस अन् ओंडके तं दिसत नाहीत."

"होते ना जी मालक. सकाळी लवकर लागतो."

सकाळी तो निघाला तवा भीमाबाईनं मशीन त्याच्या हातात दिली. "भरलं म्या तेल. होतं."

डब्याच्या बुडाशी उरलं असंल, असं चंद्रभानले वाटलं. त्या दिवशी मशीन कधी नाही अशी चालली. शिंतोडे काळे नव्हते. अन् दिवसभर त्याले रांधल्याचा वास येत राह्यला, आलनाच्या भाजीचा, फोडणीचा. आपल्याले भूक लागली म्हणून त्यानं सोडून दिलं. घरी गेला तं भाजी नुसती पाण्यात शिजवलेली होती, मिठाची. चार-पाच दिवस तसंच चाललं. त्यानं विचारलं नाही. बाई काही वाचवत असंल, म्हणे.

मंग आभाळ आलं. ऐन थंडीत अवकाळी पाऊस धरून बसला. आमराईत चिखल झाला, खोडं शेवाळली. मशीन ओली होऊ नये म्हणून भीमाबाईनं तिले पोत्यात गुंडाळून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली. रात्रंदिवस चुलीची ऊब लागत होती. आपण दोघं मात्र तट्ट्यातून येणाऱ्या वाऱ्यात कुडकुडत पडले.

पाऊस उघडला. चंद्रभान आमराईत गेला, दोरी ओढली. मशीन लागली, पण साखळी हलेना. त्यानं बंद करून पाह्यलं तं साखळी पट्टीले चिकटून बसलेली. सारीकडं पिवळट, डिंकासारखं काहीतरी. आंब्याचा चीक असंल, त्याले वाटलं. घासलेट ओतलं, लाकडानं ठोकून ठोकून साखळी मोकळी केली, हातानं फिरवली. टाकी पाह्यली, भरली होती. पुन्हा चालू केली. साखळी फिरली.

खोड मोठं होतं, आमराईतलं सगळ्यात जुनं. अर्ध्यापर्यंत मशीन गेली. भुशाऐवजी पीठ पडू लागलं. मंग धूर आला. कोरड्या लोखंडाचा वास आला. चंद्रभाननं हात काढेपर्यंत खाडकन आवाज झाला, अन् साखळी तुटून त्याच्या गुडघ्यापाशी धोतर फाडून गेली. पट्टी निळी पडली होती, मोरपिसावानी.

तो त्या खोडावर बसला. गुडघ्यातून रक्त येत होतं ते त्याले घरी आल्यावर भीमाबाईनं दाखवलं तवा दिसलं.

भैय्याजीच्या दुकानात गर्दी होती. त्यानं मशीन उघडली, आत बोट घातलं, नखानं पिवळा पापुद्रा खरवडला अन् नाकापाशी नेला. मंग त्यानं चंद्रभानकडं पाह्यलं.

"हे जवस हाये बे."

चंद्रभाननं वाकून त्याच्या नखातला पापुद्रा पाह्यला.

"जवसाचं तेल वाळते. चौकटीले लावत नाही काय तुमी, चमक यायले? वाळून कातडी होते त्याची. तेलाची वाट बुजली सारी. आत तेल फेकणारं चाक होतं, त्याचे दात गेले. पट्टी गेली, साखळी गेली. कोणत्या शहाण्यानं टाकलं हे?"

चंद्रभानच्या डोळ्यासमोर पाण्यात शिजलेली भाजी आली. भांड्यात तेलाचा टिपूस नव्हता. चार-पाच दिवस.

"म्याच टाकलं," तो म्हणाला.

"तेल टाकलं तं फोडणी बी देऊन पाह्यची होती!" भैय्याजी ओरडला. "दोन जिरे टाकायचे होते!" दुकानातले सगळे हसले. एक जण फटफटीवर बसल्या बसल्या म्हणाला, "पोळ्याले पुरणपोळी बी चारली असंल." चंद्रभान बी हसला. हसल्याशिवाय तिथं उभं राहता येत नव्हतं.

गर्दी पांगल्यावर भैय्याजी नरम झाला. चहा मागवला. "बुढ्या, म्या काही लपवत नाही. हे आता लोखंड हाये. याचे पुर्जे इथं भेटत नाही. भंगारवाल्याले दे." चंद्रभाननं चहा पेला अन् मशीन पोत्यात घातली. भंगारवाल्याच्या गल्लीवरून गेला तवा त्याच्या फळ्या दुकानात नव्हत्या. कोणाच्या तरी दाराले लागल्या असतीन. मशीन तो घरी घेऊन आला. काहून आणली, त्याचं त्याले ठाऊक.

भीमाबाई गावाच्या वेशीपर्यंत आली होती.

"काय म्हणे मिस्त्री?"

"जुनी होती वं. आतून सडली होती. आपल्याले सडकीच दिली त्या भंगारवाल्यानं."

ते बाजूनं चालत राह्यली. पोत्याले हात लावून म्हणाली, "तेल तं कमी पडलं नसंल ना तिले?"

"नाही."

"मले वाटलं कमी पडलं का काय. सरलं होतं ना काळं. म्या तुमाले सांगितलं नाही, आपलं घरचं टाकलं जवसाचं. म्हटलं एवढी राबते आपल्यासाठी, घाण कायले पाजायची. बैलाले नाही पाजत काय आपण? आऱ्याले बी तेच लावतो." अन् त्याच्याकडं पाहून विचारलं, "चांगली चालली ना त्या दिवशी?"

चंद्रभानचा पाय ठेचकळला. त्यानं पोतं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"हो वं. कधी नाही अशी चालली."

घरी मार्तंडरावचा निरोप येऊन पडला होता. ट्रक परवा येते. जुन्या आंब्याचे ओंडके तयार पाह्यजे. नाही जमलं तं मिलवाले आपले माणसं आणते, मंग सारी आमराई तेच कापतीन.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत चंद्रभान एकटाच निघाला. भीमाबाई झोपली आहे असं पाहून त्यानं वळचणीतून आरा काढला. दवानं गवत भिजलं होतं. जुन्या आंब्यात मशीनचा अर्धा काप तसाच उघडा पडला होता, कडा जळून काळ्या. त्यानं आरा त्या कापात घातला, एक मूठ धरली अन् ओढला. आरा आला. मंग पलीकडं पाठवायले त्यानं ढकलला. पातं थरथरलं, वाकलं, अडकलं. तो खोडाले वळसा घालून पलीकडं गेला, ओढला, पुन्हा इकडं आला. उजव्या खांद्यात कोणी तापली सळई घालावी तसं झालं. सूर्य वर आला तरी काप बोटभर गेला नव्हता.

"असा चालते काय आरा?"

भीमाबाई बांधावर उभी होती. तिच्या हातात तेलाची शिशी अन् चिंधी. लुगड्याच्या आतून तिनं धोतराचा फाटका तुकडा लंगोटासारखा आवळून बांधला होता, चालण्यावरून समजत होतं. पाय रुंद टाकत होती.

"घरी जाय."

"निघा तिकून."

"भीमे, त्या बाईनं काय सांगितलं..."

"ते बाई येते काय ओढायले?" तिनं आरा कापातून काढायले लावला, गवतावर आडवा ठेवला. शिशी चिंधीवर उलटी केली. तळाशी होतं तेवढं सारं तेल आलं. ते पात्यावरून हात फिरवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाठीमागून, दातांच्या मधून. पातं चमकू लागलं. जवसाचा वास सुटला. चंद्रभाननं तोंड फिरवलं.

"याले तरी मानवते," ते म्हणाली.

तवा त्याले कळलं का तिले कळलं आहे. कधी कळलं, वाटेवर का रात्री, कोण जाणे.

दोघायनं मुठी धरल्या. ते पलीकडं, खोडाच्या आड, कमरेपासून वरची दिसत होती. आरा चालू झाला. चंद्रभान आपला ओढे, अन् तिची पाळी आली का हात सैल सोडायच्या ऐवजी हळूच रेटे, तिले कमी ओढावं लागावं म्हणून. तीन-चार खेपा तसं केलं. पातं वाकलं. कापात अडकलं. त्यानं काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा रेटलं. पुन्हा अडकलं, अन् अडकलेलं सोडवायले भीमाबाईनं असा हिसका दिला का तिच्या तोंडातून आवाज निघाला. ते मुठीवर ओणवी झाली. एक हात लुगड्यावर दाबून धरला.

"थांबा जरासक."

ते झुडपामागं गेली. चंद्रभाननं आऱ्याचे दात पाह्यले.

परत आली तवा ओठ पांढरे होते. तिनं मूठ धरली अन् खोडाच्या वरून त्याच्याकडं पाह्यलं.

"ढकलू नका," ते म्हणाली. "तुमी ढकलता, आरा अडकते, मले दुप्पट ओढावं लागते. माहा ओढा मले ओढू द्या."

"भीमे..."

"हात सोडा सैल."

पलीकडच्या बांधावरून कोणीतरी बैल हाकलत जात होतं. चंद्रभाननं आपला ओढा ओढला. मंग बोटं उघडली, मूठ नुसती तळव्यावर राहू दिली, जशी देवरावनं शिकवली होती. आरा त्याच्या हातातून सरकत, खरखरत, पूर्ण लांबीनं तिच्याकडं गेला.